डीपीएफचा दिवा परत परत लागतो: दोष गाडीत आहे की वापरात, हे कसं ओळखायचं

तक्रार ठरलेली असते. डिझेलची कॉम्पॅक्ट एसयूव्ही, दोन-तीन वर्षं जुनी, बहुतेक धाव इंदूरच्या आतच. एक दिवस मीटरवर पिवळा दिवा लागतो, सायलेन्सरच्या डब्यात ठिपके काढल्यासारखा. हा दिवा डीपीएफचा, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा: धुरातली काजळी अडवणारी गाळणी भरत आली असं तो सांगतो. सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप जोडून गाडी उभ्या-उभ्या अर्धा तास गुरगुरत ठेवतात. दिवा जातो, बिल येतं आणि महिन्याच्या आत दिवा परत हजर. मग कोपऱ्यावरचा मिस्त्री सांगतो, "भिया, हाईवे पे भगा लाओ." तेही करून होतं. दिवा जातो, परत येतो. तिसऱ्या खेपेला माणूस गाडी विकायच्या गोष्टी करू लागतो.

आपल्या इथल्या मराठी घरांत या गाड्यांबद्दल विचारा, एकाच मॉडेलबद्दल दोन टोकाची मतं मिळतील. सुदामानगरच्या एक शिक्षिका ताई म्हणतात, "बसायला उंच, खड्डे कळत नाहीत, एसी मस्त. पण हा दिवा नुसता जीव खातो." तीच गाडी, तेच इंजिन पीथमपूरला नोकरीला जाणारे एक काका रोज नेतात. त्यांना हा दिवा मीटरवर कुठे असतो तेही सांगता आलं नाही. सिमरोलला आयआयटीत जाणाऱ्या एकाचंही तेच. "माझ्या गाडीला काही होत नाही, तुमच्यातच काहीतरी गडबड असेल," असं तो जेवणाच्या टेबलावर बोलून गेला आणि वहिनींनी विषय बदलला.

दोन्ही बाजू खरं बोलतायत. म्हणूनच "या गाडीला डीपीएफचा त्रास आहे का?" हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. विचारायचं असेल तर हे विचारा: मागची सफाई झाल्यापासून किती किलोमीटरने दिवा आला, आणि हे अंतर दर वेळी तेवढंच राहतंय की घटतंय? निदानाची पहिली पायरी हा आकडा आहे, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये नेमकं हेच कोणी विचारत नाही.

आत काय चाललेलं असतं

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ लागू झालं. डिझेलच्या प्रवासी गाडीला धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम होती, ती ४.५ वर आली. वर कणांच्या संख्येवरही बंधन आलं. इतका स्वच्छ धूर नुसत्या इंजिनातून काढणं अवघड, म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर ही गाळणी बसली. मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बंद केल्या. बाकीच्यांनी गाळणी बसवून डिझेल चालू ठेवलं, आणि तिच्याशी जुळवून घ्यायचं काम गिऱ्हाइकाकडे आलं.

गाळणी म्हणजे सिरॅमिकचा ठोकळा, मधमाशांच्या पोळ्यासारखा बारीक नळ्यांचा. नळ्यांची तोंडं आळीपाळीने बुजवलेली असतात, त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं. वायू पार होतो, काजळी भिंतीवर बसते. बसलेली काजळी जाळून टाकली की गाळणी पुन्हा मोकळी.

जाळायचे मार्ग दोन. पहिला आपोआप घडतो: लांबच्या रस्त्यावर धूर २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान तापलेला राहिला, की त्यातल्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने काजळी हळूहळू जळत राहते. पीथमपूरच्या काकांचं रोज सकाळ-संध्याकाळ हेच होतं, त्यांच्या नकळत. दुसरा मार्ग इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. काजळी ठरावीक प्रमाणाबाहेर गेली की तो नेहमीच्या फवाऱ्यानंतर थोडं जादा डिझेल उशिरा सोडतो. ते गाळणीच्या अलीकडच्या कॅटॅलिस्टवर जळतं, गाळणीचं तापमान ५५० ते ६५० अंशांवर जातं आणि काजळी पेटून जाते. हे साधारण दहा ते वीस मिनिटांचं काम. यालाच रीजनरेशन म्हणतात, बोलताना नुसतं "रीजन".

खरी अडचण ही की बहुतेक गाड्यांत रीजन सुरू झाल्याचा कुठलाही दिवा लागत नाही. तुम्ही रामबागेतून निघालात, राजवाड्याजवळ रीजन सुरू झालं, जवाहर मार्गावर अडकलात आणि सात मिनिटांत पार्किंग मिळालं म्हणून गाडी बंद केलीत. रीजन अर्धवट. परत येताना इंजिन पुन्हा गार, तापेपर्यंत घर आलं. असं चार-पाच वेळा झालं की मग दिवा लागतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा गाडीने आपल्या परीने बरेच प्रयत्न करून झालेले असतात.

उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवून एसी खाणं हे तर याहून वाईट. आयडलला धूर बहुधा २०० अंशांच्याही खाली असतो. काजळी साठते, जळत काहीच नाही. शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर ज्या गाड्या वीस-वीस मिनिटं घरघरत उभ्या असतात, त्यांतल्या डिझेलवाल्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

(पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, जून २०२१ मध्ये सुरू झालेला. तिथे रोज फेरी मारता आली असती तर ही पोस्ट लिहायची वेळच आली नसती. आपल्या वाट्याला खजुरी बाजार आहे.)

रीजन चालू आहे हे कळतं कसं? आयडलचा काटा नेहमीपेक्षा शे-दोनशेने वर असतो. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही. तात्कालिक मायलेज अचानक पडतं. आवाज किंचित जड होतो. गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो आणि खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. यातल्या दोन खुणा एकदम दिसल्या तर जमल्यास गाडी बंद करू नका, एक लांबची चक्कर मारून या. नुसती ही सवय लावली तरी निम्म्या घरांतला दिवा थांबेल असं माझं मत आहे.

आधी नोंद

मोबाइलमध्ये एक टिपण उघडा. दिवा लागला की ओडोमीटरचा आकडा लिहा, गेला की लिहा. सोबत इतकंच: त्या आठवड्यात गाडी कुठे-कुठे गेली, टाकीत डिझेल किती होतं, डिपस्टिकवर तेल कुठे होतं.

याहून नेमकं हवं असेल तर ईएलएम-३२७ जातीचा ब्लूटूथ रीडर घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि फोनवर पाहायचं. तुमच्या गाडीला चालणारं ॲप सापडलं तर काजळी किती टक्के भरली आणि मागच्या रीजनला किती किलोमीटर झाले, दोन्ही दिसतं. मग अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आकड्यांचा अर्थ गाडीगणिक बदलतो, पण माझी ढोबळ मोजपट्टी अशी. शहर-हायवे मिळून चालणाऱ्या गाडीत दोन रीजनमध्ये ३०० ते ६०० किलोमीटरचं अंतर असेल तर निवांत राहा. फक्त शहरात १५० ते २५० पर्यंत उतरलं तरी ते वापराचं फळ आहे, गाडीचा आजार नाही. पण अंतर शंभराच्या खाली आलं, किंवा आधी अडीचशे होतं ते दोनशे, दीडशे, नव्वद असं घसरत चाललं, तर हायवेच्या फेऱ्या मारून काही होणार नाही. तिथे काहीतरी मोडलेलं आहे आणि ते शोधावं लागेल.

दिवा आत्ता लागलाय

नुसता पिवळा दिवा असेल, गाडी नीट ओढत असेल, तर घाबरायचं कारण नाही. पण "पुढच्या रविवारी बघू" असंही म्हणू नका. दिवा लुकलुकू लागला, सोबत इंजिनाचा दिवाही आला, गाडी ओढेनाशी झाली, तर ती पुढची पायरी. तेव्हा स्वतः हायवेवर पळवायला जाऊ नका, सर्व्हिस सेंटर गाठा. फार भरलेली गाळणी एकदम पेटली तर तापमान हाताबाहेर जातं आणि सिरॅमिक तडकतं. मग सफाईचा प्रश्न उरत नाही, अख्खी गाळणी बदलावी लागते.

पहिल्या पायरीसाठी बहुतेक पुस्तिकांत सूचना एकसारखीच असते: ताशी ६० च्या वर, इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर किंवा त्याच्या वर, सलग वीस-पंचवीस मिनिटं. तुमच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. लोक चुकतात ते यातल्या दोन शब्दांवर.

एक, "सलग". सुपर कॉरिडॉर रुंद आहे, छान आहे, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-बारा मिनिटांत संपतो आणि मध्ये सिग्नल आहेत. तिथे एक फेरी मारून "हायवेला नेली तरी गेला नाही" म्हणणारे मला वारंवार भेटतात. गार इंजिन तापायलाच पहिली दहा मिनिटं जातात, मोजणी त्यानंतर सुरू होते. राऊ सर्कलवरून मानपूरकडे जा, किंवा बायपासने देवासकडे. बायपासवर पुलांची कामं चालू असतात तिथे मात्र वेळ पाहून. ट्रकांच्या रांगेत अडकलात तर गेलात तेवढीच काजळी घेऊन परत याल. उज्जैन रोडवर २०२८ च्या सिंहस्थासाठी सहापदरीचं काम काढलंय, तिथेही हाच हिशेब. पहाटे साडेसहाला निघणं सगळ्यांत सोपं. रविवारी सकाळी पोहे-जिलेबीसाठी घराबाहेर पडताच ना, तेच पोहे मानपूरला खा.

मानपूरच्या पुढे मात्र घाट उतरायला जाऊ नका. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की इंजिनाचं डिझेल तोडलं जातं, नुसती हवा वाहते आणि तापत आलेली गाळणी गार होते. चढ चांगला, उतार निकामी.

दोन, "आरपीएम". सहा गिअरची गाडी ६० ला सहाव्यात टाकली की इंजिन जेमतेम १२०० ते १३०० वर सुस्तावलेलं असतं. मायलेजसाठी ते बरं, रीजनसाठी नाही. चौथ्यात ठेवा, काटा दोन हजारांच्या आसपास राहील. ऑटोमॅटिक किंवा एएमटी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून गिअर धरून ठेवा, नाहीतर गाडी स्वतःहून वरच्या गिअरला पळते. वेग वाढवायची गरज नाही, आरपीएम धरायचा आहे. सव्वाशेने पळवून काही जादा साफ होत नाही.

निघण्यापूर्वी डिझेल पाहा. राखीववर आलेल्या टाकीत बऱ्याच गाड्या रीजन सुरूच करत नाहीत. मी तर पाव टाकीच्या खाली जाऊच देऊ नका म्हणेन. पोहोचल्यावर गाडी वाळलेल्या गवतावर किंवा भुशावर उभी करू नका. गहू निघायच्या दिवसांत माळव्यात रस्त्याकडेला भुसा पडलेला असतो आणि सायलेन्सर त्या वेळी भट्टीइतका तापलेला असतो. ही धास्ती उगाच नाही, गाडीच्या पुस्तिकेतही हा इशारा छापलेला असतो.

एवढं करूनही परत

आता तुमचं टिपण कामाला येईल. अंतर घटतंय, किंवा अर्धा तास नीट चालवूनही दिवा हलत नाही. मग मी या क्रमाने पाहीन. स्वस्त आणि सोपं आधी, महाग नंतर.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट उघडझाप करणारी झडप, सगळ्यांत आधी, कारण त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. तो उघडा अडकला तर इंजिन कधी पूर्ण तापतच नाही, आणि पाणी पुरेसं गरम झाल्याशिवाय कॉम्प्युटर रीजनला परवानगी देत नाही. आजकाल अनेक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, त्यामुळे वर्षभर पत्ता लागत नाही. रीडर लावून पंधरा-वीस मिनिटं चालवा. पाणी ८० च्या वर जाऊन तिथे टिकायला हवं. ७० च्या आसपास घुटमळत असेल, हायवेवर उलट उतरत असेल, तर थर्मोस्टॅट बदला. रीडरवर दोषाचा कोड आलाच तर पी-०१२८ येतो. डीपीएफच्या मानाने हा सुटा भाग फारच स्वस्त. डिसेंबर-जानेवारीत, इंदूरची रात्र दहा अंशांच्या खाली उतरते तेव्हा, हा दोष हमखास उघडा पडतो. "थंडीत जास्त त्रास होतो" असं कोणी म्हटलं की मला आधी थर्मोस्टॅटच आठवतो.

मग प्रेशर सेन्सर. गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक मोजून कॉम्प्युटर काजळीचा अंदाज बांधतो. सेन्सरपर्यंत दोन बारीक नळ्या जातात. त्या तडकल्या, निसटल्या, आत काजळीने बुजल्या, की गाळणी मोकळी असूनही भरलेली वाटते, किंवा उलटही. पी-२४५२ ते पी-२४५५ हे कोड या सेन्सरचे. सोसायटीच्या तळघरात गाडी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून उंदरांनी काय कुरतडलंय तेही पाहा. मी हे चेष्टेत लिहीत नाही. वायर आणि रबरी नळ्या हा उंदरांचा आवडता खुराक आहे, आणि हजारो रुपयांच्या निदानाच्या शेवटी कुरतडलेली नळी निघते.

सेन्सर ठीक असेल तर प्रश्न उलट विचारायचा: गाळणी भरते इतकी लवकर, तर इंजिन इतकी काजळी करतंच का? एअर फिल्टर तुंबलेला, टर्बोच्या होजमधून हवा गळतेय, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर इंजिनात परत सोडणारी झडप) उघडा अडकलाय, एखादा इंजेक्टर ठिबकतोय. टर्बोची गळती कानाने ओळखता येते, जोर देताना फुसफुस ऐकू येते आणि होजवर तेलकट ओल दिसते. ईजीआर आणि इंजेक्टरला मात्र स्कॅनर आणि जाणता माणूस लागतो. या गोष्टी सोडून नुसतं रीजन करत राहिलं तर प्रत्येक वेळी बिल भराल आणि अंतर घटतच राहील. सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डावर "डीपीएफ लाइट" एवढंच लिहू देऊ नका. "मागच्या रीजननंतर इतक्या किलोमीटरवर परत, अंतर घटतंय, कारण शोधा" असं लिहून घ्या आणि कोडचा प्रिंटआउट मागा. पी-२४६३ म्हणजे काजळी जास्त, पी-२४२एफ म्हणजे राख जास्त. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

राख कुठून आली? तेलातून. काजळी जळून वायू होते, पण इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांसारख्या घटकांची राख जळत नाही, ती गाळणीतच राहते. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं तेल लागतं, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं. दोन्हींत सल्फेटेड ॲश ०.८ टक्क्यांच्या आत असते. पुस्तिकेत जो ग्रेड दिलाय तोच घाला. बाहेरच्या गॅरेजमध्ये "डिझेल का ऑइल है, सब एक ही है" म्हणत ट्रकचं सीआय-४ ओततात, तिथून राखेची सुरुवात होते. राखेने भरलेल्या गाळणीला कितीही रीजन करा, उपयोग नाही. ती उतरवून मशिनने साफ करावी लागते. पण दोन-तीन वर्षांच्या, तीस-चाळीस हजार चाललेल्या गाडीत राखेने गाळणी भरली असं कोणी सांगितलं, तर आधी तेलाची बिलं काढा आणि मगच विश्वास ठेवा.

डिपस्टिक

हा भाग दिव्यापेक्षाही महत्त्वाचा आहे, आणि मालक मंडळींच्या गप्पांत तो येतच नाही.

रीजनसाठी उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतो. रीजन पूर्ण झालं आणि पुढे गाडी लांब पळाली तर तो बराचसा उडून जातो. अर्धवट रीजन वारंवार झाली तर साठत जातो. तेलाची पातळी घटायच्या ऐवजी वाढू लागते. आपल्याला लहानपणापासून तेल कमी तर नाही ना एवढंच पाहायची सवय, त्यामुळे वाढलेलं तेल पाहून लोक खूश होतात. "बघा, थेंबभर तेल पीत नाही माझी गाडी!"

सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल, बोटाला पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर सर्व्हिसची तारीख यायची वाट पाहू नका. तेल आणि फिल्टर लगेच बदला. पातळ झालेलं तेल टर्बोच्या बेअरिंगला धरत नाही. पातळी फारच चढली तर इंजिन आपलंच तेल ओढून जाळू लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. क्वचित होतं, पण झालं की इंजिन संपतं. शहरातच चालणाऱ्या डिझेलला कंपनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगत असेल तरी मी सहा-सात हजारांवर तेल बदलेन. उभ्या गाडीत सर्व्हिस सेंटरने सक्तीचं रीजन केलं असेल तर त्यानंतरही डिपस्टिक पाहाच.

जे करू नये

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं. कोड पुसला जातो, काजळी जागच्या जागी राहते.

बाटलीतलं "डीपीएफ क्लीनर" टाकीत ओतणं. पुस्तिकेत परवानगी नसेल तर माझं मत सरळ नाही असं आहे. कारण थर्मोस्टॅट असेल तर बाटली काय करणार?

डीईएफ आणि डीपीएफ यांत गल्लत. २०२३ च्या एप्रिलपासून नियम आणखी कडक झाले आणि बऱ्याच डिझेल गाड्यांना डीईएफची, म्हणजे युरियाच्या द्रावणाची, वेगळी टाकी आली, निळ्या झाकणाची. ती नायट्रोजन ऑक्साइडसाठी असते, काजळीशी तिचा संबंध नाही. डीईएफ भरल्याने डीपीएफचा दिवा जात नाही. आणि चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीला हात लावू नका, टो करून न्या.

शेवटचं, गाळणीच काढून टाकणं. "साहब, अंदर से खाली कर देंगे, सॉफ्टवेअर में बंद कर देंगे, टेंशन खतम." ऐकायला गोड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत असे बदल करता येत नाहीत. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं आणि पीयूसीला नीट तपासणी झाली तर गाडी नापास होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी, स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला नंबर आला म्हणून मिरवणाऱ्या शहरात मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर काळा धूर सोडत फिरणं मला तरी शोभणारं वाटत नाही.

मग घ्यायची का

सुदामानगरच्या ताईंना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. रोजची धाव सहा-आठ किलोमीटर असेल तर वर्षाला तीन हजारांच्या आत चालवाल. तेवढ्यासाठी डिझेल घेऊ नका. पेट्रोल घ्या, सीएनजी घ्या, घरी चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिक पाहा. चार मीटरच्या आतल्या गाडीत १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल दोन्हींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, म्हणजे करापुरता दोन्हींत आता फरक नाही. निर्णय वापरावर करा. "डिझेलला ओढ जास्त" हे खरं आहे. घाटात, भरलेल्या गाडीत ती कळते. पण वर्षातून एकदा दिवाळीला सेंधवा-धुळे-नाशिक करत पुण्याला जाणं म्हणजे डिझेलचा वापर नव्हे. गंमत अशी की त्या फेरीनंतर महिनाभर दिवा लागत नाही आणि मंडळी म्हणतात, गाडी पुण्याला जाऊन सुधारली.

ज्यांची रोजची वाट पीथमपूर, सिमरोल, महू, देवास, उज्जैन आहे त्यांनी डिझेल बिनधास्त घ्यावं. त्यांच्या बाबतीत पीथमपूरच्या काकांचं मत हेच खरं मत.

ज्यांच्याकडे आधीच डिझेल आहे आणि शहरातच फिरते, त्यांनी विकायची घाई करू नये. आठवड्या-दहा दिवसांतून एक लांब फेरी, पाव टाकीच्या वर डिझेल, महिन्यातून एकदा डिपस्टिक आणि अंतराची नोंद, इतक्यावर बहुतेक गाड्या शांत राहतात. घरात दोन गाड्या असतील तर भाजी-शाळा पेट्रोलवर टाका आणि लांबची कामं डिझेलवर. आमच्या ओळखीच्या एका घरात उलट वाटणी होती, कारण मोठी गाडी सुनेला "सेफ" म्हणून दिलेली आणि छोटी पेट्रोल सासरे रोज देवासला नेत. चाव्या बदलल्या, दिवा बंद झाला, खर्च शून्य. सासऱ्यांना महिनाभर पटलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

जुनी डिझेल एसयूव्ही घ्यायला निघाला असाल तर पांढरा रुमाल सोबत न्या. सायलेन्सरच्या तोंडाच्या आत फिरवा. डीपीएफ धड असलेल्या गाडीत तो जवळजवळ कोरा निघतो, फार तर करडा. काळाकुट्ट निघाला तर गाळणी तडकलेली आहे किंवा काढून टाकलेली आहे. मग रीडर लावा, मागच्या रीजनचं अंतर पाहा, डिपस्टिकचा वास घ्या आणि तेलाची बिलं मागा. विकणारा "गाडी सिर्फ सिटी में चली है, लेडी ड्रिवन" असं कौतुकाने सांगू लागला, तर डिझेलच्या बाबतीत तेच किंमत पाडून मागायचं कारण आहे.